सत्कृत्यांची वही आणि बारा पुडे

आमच्या शाळेत दर शनिवारी चांगुलपणाची मोजणी होत असे. शनिवारी शाळा सकाळची, आणि तिचा शेवटचा तास त्यासाठी राखलेला. प्रत्येक मुलीजवळ एक चाळीस पानी वही असायची, तिच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात ‘सत्कृत्ये’ असं लिहिलेलं. रोज एक तरी चांगलं काम करायचं, घरी जाऊन ते वहीत उतरवायचं आणि शनिवारी वर्गासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. जिची कामं सर्वांत जास्त भरतील तिच्या पोलक्यावर बाई टाचणीने निळी फीत लावत. ती फीत पुढचा आठवडाभर तिने मिरवायची.

ही गोष्ट पालघरची, साठ सालानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली. मी आठवीत होते. मुलींची तुकडी वेगळी होती, छत्तीस जणींची. पालघर तेव्हा लहानसं होतं. स्टेशन, बाजार, दोन-चार कचेऱ्या, आणि त्यांच्या पाठीला लागूनच भाताची खाचरं. एवढ्याशा गावात छत्तीस मुलींना रोज पुरतील इतकी सत्कृत्यं आणायची कुठून, हा मोठाच प्रश्न होता. त्यामुळे गाईला चपाती, मुंग्यांना साखर, चिमण्यांना पाणी हेच आलटून पालटून वाचलं जाई. पालघरच्या मुंग्यांनी त्या वर्षी जितकी साखर खाल्ली तितकी आमच्या कोळीवाड्यातल्या पोरांनी जन्मात पाहिली नसेल.

मीही लिहीत असे. पहिल्या शनिवारी मी वाचलं, ‘आईला मासळीची पाटी डोक्यावर उचलू लागले.’ बाई प्रेमळपणे म्हणाल्या, ‘ते कर्तव्य झालं हो. घरच्यांसाठी केलेलं सत्कृत्य धरत नाहीत. परक्यासाठी केलं पाहिजे, स्वतःहून केलं पाहिजे.’ मी मान डोलावली. मला ते पटलं. बाई सांगतील ते सगळं मला पटत असे, कारण आमच्या घरात सही करता येणारी मीच पहिली होते, आणि ज्यांना भूमिती येते त्यांना माणुसकीही आपल्यापेक्षा जास्तच कळत असणार अशी माझी समजूत होती.

माझं गाव तारापूरच्या पुढे, किनाऱ्यावर. गावात शाळा सातवीपर्यंत. तारापूर-चिंचणीकडे मोठी शाळा होती, पण माझी आई सुकी मासळी विकायची ती पालघरच्या बाजारात. बोईसरच्या बाजारात तिने दोन वर्षं बसून पाहिलं होतं, तिथे गिऱ्हाईक कमी. म्हणून तिने बाजाराच्या मागे एक खोली घेतली होती. सोमवारी पहाटेच्या एसटीने आम्ही मायलेकी पाट्या घेऊन यायचो आणि शनिवारी दुपारी परत जायचो. वडील होडीवर. मी सातवीवर थांबावं असं त्यांचं मत होतं, आणि काकांनी तर माझ्यासाठी शेजारच्या गावातलं एक स्थळही पाहून ठेवलं होतं. आईने वर्षभराची मुदत मागून घेतली होती. ‘एक साल बघू. पोरगी रमली तर रमली.’ म्हणजे माझं सगळं शिक्षण मी त्या वर्गात रमते की नाही यावर टांगलेलं होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

खोलीत एका बाजूला बोंबील, जवळा, बांगडे यांचे ढीग आणि दुसऱ्या बाजूला माझी पुस्तकं. परकर-पोलकं कितीही धुतलं तरी वास जायचा नाही. मला तो वास येतच नसे. जन्मापासून नाकात असलेली गोष्ट कशी येणार? वर्गाने मात्र तो पहिल्याच दिवशी ओळखला, आणि थोड्याच दिवसांत वर्गाला असा शोध लागला की गावात सत्कृत्यांची टंचाई उरलेली नाही. सत्कृत्य स्वतःच्या पायांनी चालत येऊन मागच्या बाकावर बसलं होतं.

मग काय विचारता. एकीने मला खोडरबराचा अर्धा तुकडा दिला. एकीने शाईचे चार थेंब दिले. एकीने मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन ‘हाय’ नव्हे ‘आहे’ म्हणायचं असं शिकवलं, आणि मी तीनदा बरोबर म्हणून दाखवेपर्यंत सोडलं नाही. कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी या कामात सगळ्यांच्या पुढे होती. तिने एक दिवस चांदीच्या कागदात गुंडाळलेली वासाच्या साबणाची अर्धी वडी माझ्या हातावर ठेवली, आणि शनिवारी खड्या आवाजात वाचलं, ‘मासे विकणाऱ्या बाईच्या मुलीस साबण भेट दिला व स्वच्छतेचे महत्त्व सांगितले.’ वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले. मीही टाळ्या वाजवल्या, कारण सगळ्या वाजवत होत्या.

गणपतीच्या सुट्टीपर्यंत मी अकरा वह्यांमध्ये जाऊन पोहोचले होते. आपण किती भाग्यवान, असं मला वाटे. हे मी आज उपहासाने लिहीत नाही. मला तसं खरंच वाटे. त्या अकरा जणींपैकी एकही माझ्या बाकावर बसत नव्हती, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

माझ्या बाकावर बसायची ती केळव्याची मुलगी. तीही सत्कृत्य म्हणून बसली नव्हती. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर ती दाखल झाली. केळव्याहून येणारी तिची एसटी रोज उशिरा पोहोचे, आणि पहिल्या दिवशी ती आली तेव्हा सबंध वर्गात माझ्या शेजारचीच जागा तेवढी रिकामी होती. तिच्या घरी पानमळा होता. येताना तिच्या दप्तरात एखाददुसरं विड्याचं पान चुरगळलेलं असायचं. बसल्याबसल्या तिने मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं.

‘ए, सरक तिकडं. अर्धा बाक माझा हाय.’

‘हाय नाही, आहे म्हणतात,’ मी नुकतंच शिकलेलं तिला सांगितलं.

‘तुला कोणी सांगितलं?’

मी सांगितलं.

‘मग तिच्या बाकावर जाऊन आहे म्हण. इथं हायच.’

नंतर तिने पट्टी घेऊन बाकाच्या बरोबर मध्ये खडूची रेघ मारली. त्या रेघेवरून आम्ही वर्षभर भांडलो. तिचं कोपर माझ्या बाजूला यायचं, माझी वही तिच्या बाजूला जायची. ती मला ‘तारापूर’ म्हणे, मी तिला ‘केळवे’ म्हणे. माझी शाई ती न विचारता घेई आणि वर म्हणे, ‘किती पातळ केलीस, पाणी घातलंस काय?’ मधल्या सुट्टीत ती माझा डबा उघडी. त्यात तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील असायचा. ती अर्धा बोंबील तोडून घेई, खाई, आणि नावं ठेवी. ‘आज मीठ जास्त पडलंय. आईला सांग.’ तिच्या डब्यातलं मी घेतलं नाही तर तिला राग येई. मी दोन दिवस तापाने आले नाही, तर तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोललीच नाही. संध्याकाळी शाळा सुटताना म्हणाली, ‘बीजगणित कोणाचं बघू मी? सांगून आजारी पडत जा.’

यातलं काहीच तिच्या वहीत नसे. तिची वही कोरी होती. दर शनिवारी तिचा नंबर आला की ती उभी राही आणि म्हणे, ‘काय नाय, बाई.’ बाई खेदाने मान हलवत आणि तिला तास संपेपर्यंत दाराबाहेर व्हरांड्यात उभं करत. मला तिची लाज वाटे. एवढ्या चांगल्या वर्गात आपल्याच नशिबी ही अशी का, असं मला वाटे.

दसरा झाला, बोंबलाचा हंगाम सुरू झाला. आमच्या किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकले. एका शनिवारी दुपारी एसटीची वाट बघताना आईने विचारलं, ‘कोन कोन तुझ्याशी बऱ्या वागतात गं, बाय?’

मी नावं सांगायला लागले. वहीतली नावं, एकापाठोपाठ एक, अकरा. कोणी काय दिलं तेही सांगितलं. साबणाचंही सांगितलं. केळव्याच्या मुलीचं नाव मी घेतलं नाही. लपवलं नाही, मला ते आठवलंच नाही. चांगुलपणा म्हणजे शनिवारी वाचला जातो तो, असं मी शिकले होते, आणि तिच्या वहीत काहीच नव्हतं. शाळेत मी एवढी हुशार झाले होते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. होडी पाण्याबाहेर वर ओढायची असली की तिचा दोर लांबवर वाळूत टाकतात. त्या वेळी जो कोणी किनाऱ्यावर असेल तो दोराला हात लावतो. म्हातारा असो, पोर असो, कोणाच्या घरी आलेला पाहुणा असो. होडी वर आली की तिचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, टोपलीतून मूठ-मूठ मासळी प्रत्येकाच्या पुढ्यात टाकतो. किती जोर लावला ते कोणी बघत नाही. आभार कोणी मानत नाही, आणि भीक दिली असंही कोणी समजत नाही. तो वाटा असतो. वाटा न देता कोणी होडीवर झाकण घातलं तर गावात त्याची छी-थू होते.

माझ्या आईने शाळेकडे त्याच नजरेने पाहिलं. तिची पोरगी ही होडी, आणि या अकरा जणींनी दोराला हात लावलेला. मग त्यांचा वाटा त्यांना पोचवायला नको?

पुढच्या शनिवारी सत्कृत्यांचा तास चालू होता. दारात आई उभी. डोक्यावर पाटी, नेसणं ठेवणीतलं, केसांत अबोलीची वेणी. तिने पाटी उतरवली, डोक्यावरची चुंबळ उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाली, ‘बाई, आत येऊ?’

बाईंनी हातातली वही मिटेपर्यंत ती आत आली होती. पाटीत जुन्या वर्तमानपत्राचे बारा पुडे, सुंभाने बांधलेले. अकरा मुलींचे आणि एक बाईंचा. विकायला काढलेल्यातले नव्हेत. आमच्या घरी पावसाळ्यासाठी निवडून ठेवतात तसले लांब, पांढरेशुभ्र बोंबील. मी बाकावर ताठ बसले होते. मला अभिमान वाटत होता, हे खरं सांगायला हवं. आई एकेक नाव विचारत होती, पुडा हातात देत होती. बाईंच्या टेबलावरही तिने एक ठेवला. बाई जन्मात मासळी न शिवणाऱ्या घरातल्या.

‘अहो, याची काही गरज नव्हती,’ बाई खुर्ची मागे सरकवत म्हणाल्या. ‘आमच्या मुली परतफेडीच्या अपेक्षेने काही करत नाहीत.’

‘परतफेड नाय, बाई. वाटा हाय त्यांचा.’

‘पण त्यांना नको आहे.’

‘असं कसं नको? हात लावला त्यांनी,’ आई हसून म्हणाली, आणि रिकामी पाटी घेऊन निघाली.

ती दाराबाहेर गेल्यावर वर्गाने श्वास सोडला. पदर, रुमाल, हात, जे मिळेल ते नाकाला लागलं. हेडक्लार्कच्या मुलीने आपला पुडा दोन बोटांनी उचलून जमिनीवर ठेवला. तिच्या मागोमाग बाकीच्यांनी ठेवले. बाईंनी खिडक्या उघडायला लावल्या आणि शिपायाला हाक मारली. त्याने बाराच्या बारा पुडे छातीशी धरून बाहेर नेले. त्या आठवड्यात शाळेमुळे कोणाचं भलं झालं असेल तर त्याच्या घरच्यांचं.

चुंबळ उंबऱ्याशीच राहिली होती. ती न्यायला आई परत आली, नेमकी त्याच क्षणी. शिपाई पुडे घेऊन तिच्या अंगावरून गेला. तिने खिडक्या पाहिल्या, रुमाल पाहिले. वाकून चुंबळ उचलली आणि गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. आत बाई आम्हाला समजावून सांगत होत्या की खरी दया ही मोबदल्याची इच्छा धरत नाही, आणि अशिक्षित लोकांच्या हातून असं होतं, त्यांना आपण समजून घेतलं पाहिजे.

एसटीत आई एवढंच म्हणाली, ‘दोराला कोनाचाच हात नव्हता, बाय.’

सोमवारी मी शाळेत गेले नाही. आईने जा म्हटलं नाही. मंगळवारी मी बाजारात आईच्या जागेवर बसून जवळा पाखडला. बुधवारी गावाहून निरोप आला की काका शनिवारी त्या स्थळाकडे जाऊन येणार आहेत. आईने निरोप ऐकून घेतला, नाही म्हटलं नाही. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. माझ्या नाकाला न येणारा वास पुन्हा कोणी मोजणार नव्हतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर केळव्याची मुलगी दप्तरासकट बाजारात आली. माझ्याकडे न बघता सरळ आईसमोर उभी राहिली.

‘मावशी, अकरा जणींना दिलंत. मला का नाय?’

आईने वर पाहिलं. ‘तू कोन?’

‘मी हिच्या बाजूला बसते. जूनपासून.’

आईने माझ्याकडे पाहिलं. ‘हिचं नाव तू नाय घेतलंस.’

मी जवळ्यातले खडे शोधू लागले.

‘नाय घेणार ती,’ केळव्याची म्हणाली. ‘माझी वही कोरी हाय ना. पण मी रोज हिच्या डब्यातला बोंबील खाते. ज्यांनी कधी तोंडात घातला नाय त्यांना वाटा, आणि खाते तिला नाय. हे कुठलं, मावशी?’

‘खातेस?’

‘शुक्रवारी करपला होता. हिला सांगितलं मी, तुम्हाला सांग म्हणून.’

आई हसली. चार दिवसांनी हसली. शुक्रवारचा बोंबील खरंच करपला होता. तिने पाठीमागच्या टोपलीतला ढीग पुढे ओढला. केळव्याची उकिडवी बसली आणि मुरलेल्या गिऱ्हाइकासारखी निवडायला लागली. ‘हा मोडका नको. हा ओला लागतो. हा द्या.’ आईने कागदात बांधून दिले. तिने आभार मानले नाहीत. पुडा दप्तरात कोंबला, पानांशेजारी, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

‘आणि तू उद्या ये. बाई त्या साबणवालीला माझ्या बाजूला बसवणार हायत. तिच्या साबणाने मला शिंका येतात. दोन दिवस शिंकले तर नापास होईन मी, आणि मग तुला सोडणार नाय.’

एसटी चुकेल म्हणून ती पळतच गेली. आई बराच वेळ बोंबील पुन्हा रचत राहिली. मग म्हणाली, ‘परकर धुऊन टाक. उद्या घालायला हवा.’ काकांना उलटा निरोप गेला तो मी नंतर ऐकला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मी गेले. खडूची रेघ पुसट झाली होती, ती आम्ही पुन्हा मारली, आणि ती माझ्या बाजूला वाकडी गेली म्हणून भांडलो.

शनिवारी मोजणीचा तास आला. हेडक्लार्कच्या मुलीने वाचलं, ‘वर्गात मासळी आणल्याबद्दल मी कोणावरही राग धरला नाही. मनाने क्षमा केली.’ टाळ्या झाल्या. निळी फीत तिलाच मिळाली. चाळीस वर्षं शाळांमध्ये काढून, स्वतः शिकवून सांगते, इतकं स्वस्तातलं सत्कृत्य मी त्यानंतर पाहिलं नाही.

मग केळव्याच्या मुलीचा नंबर आला. ‘काय नाय, बाई.’

‘पूर्ण आठवड्यात एकही नाही?’

‘वेळ नाय मिळाला.’

ती नेहमीप्रमाणे दाराबाहेर गेली. पुढचा नंबर माझा होता. माझ्या वहीत दोन कामं लिहिलेली होती, एक खरं आणि एक मुंग्यांचं. मी वही मिटली आणि म्हटलं, ‘माझंही काही नाही, बाई.’

बाईंना वाईट वाटलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते वाईट वाटणं खोटं नव्हतं. याच बाईंनी मला पुढे भूमिती आणि इंग्रजी असं शिकवलं की मी आमच्या कोळीवाड्यातली पहिली पदवीधर झाले, आणि त्या ऋणाबद्दल मी त्यांना आजही मनोमन नमस्कार करते. चांगुलपणा मात्र त्यांना शिकवता येत नव्हता. त्यांना तो फक्त तपासता येत होता.

आता त्याच शाळेचं पत्र आलं आहे. स्मरणिका निघते आहे, ‘शाळेने दिलेला आपलेपणा’ या विषयावर माजी विद्यार्थिनी म्हणून मी चार शब्द लिहावेत. सोबत कळवलं आहे की शाळेत नवा उपक्रम सुरू झाला आहे. मुलांनी केलेल्या दयेच्या कामांच्या चिठ्ठ्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लावतात आणि महिन्याला बक्षीस देतात. माझ्या नोकरीत ही वही मला तीनदा भेटली, तीन वेगळ्या नावांनी. तिन्ही वेळा माझ्या वर्गाच्या वह्या मी कोऱ्या ठेवल्या आणि वरिष्ठांचे शेरे घेतले. मेलेली समजावी तर ती आता फळ्यावर चढून बसली आहे.

पण व्हरांडा तोच असेल, तर तेवढं मी लिहीन. त्या वर्षीचे उरलेले सगळे शनिवार आम्ही दोघी तिथे उभ्या राहून काढले. ती दप्तरातलं पान चघळायची, मी पोलक्याच्या खिशातला बोंबील मोडायचे, अर्धा तिला, अर्धा मला. ती म्हणायची, ‘मीठ कमी.’ आत टाळ्या वाजत असायच्या.